शाळेच्या वाटेवरचे बोर्ड: सोलापुरातल्या मुलामुलींनी मोहीम कुठून सुरू करावी

आमच्या गटात सातवीतला एक मुलगा आहे. साखर पेठेत राहतो, शाळेला चालत जातो, दहा मिनिटांची वाट. पहिल्या बैठकीत त्याला विचारलं, वाटेत गुटखा, तंबाखू, दारू, कोल्ड्रिंक, चिप्स यांच्या जाहिराती किती लागतात? तो म्हणाला, "असतील की ताई पाच-सहा." दुसऱ्या दिवशी वही घेऊन चालला आणि एकेचाळीस लिहून आणल्या. दुकानांचे बोर्ड, टपऱ्यांचे पत्रे, फ्रीजच्या काचा, खांबांवरचे स्टिकर, रिक्षांच्या पाठी. गुटख्याच्याच नावाने येणाऱ्या इलायचीची एक पाटी तर शाळेच्या गेटसमोरच्या टपरीवर, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. चार वर्षं तो तिच्यासमोरून ये-जा करत होता.

त्या एकेचाळीसांतल्या बऱ्याच जाहिराती नियमाप्रमाणे तिथे असायलाच नको होत्या. नियम आहेत, चांगले कडक आहेत. टेप लावून मोजणारं, लिहिणारं, अर्जाची पोच घेणारं आणि महिन्याने परत जाऊन विचारणारं माणूस तेवढं नसतं. हे काम नववी ते बारावीची मुलं-मुली मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या भागात सुरू करायचं असेल, तर आम्ही शिकलो ते असं.

आधी चाला आणि मोजा

सगळं शहर डोक्यात घेऊ नका. एक शाळा, एक वाट. अशोक चौक असो, जुळे सोलापूर असो की विडी घरकुल, पहिल्या महिन्यात एवढंच पुरे. चार-पाच जण जमा आणि जोडीजोडीने चाला, एकटं कुणी नको. मार्च ते मे सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. सोलापूरचं ऊन मोहिमेसाठी थांबत नाही.

वहीत रकाने पाडा: तारीख आणि वेळ, जागा (दुकानाशेजारची ओळखीची खूण लिहा), कशाची जाहिरात, कशावर आहे (बोर्ड, भिंत, खांब, फ्रीज), शाळेपासून किती अंतर, फोटो क्रमांक. प्रत्येक जाहिरातीचे दोन फोटो. एक लांबून, ज्यात जमेल तर शाळेचं गेट किंवा भिंतही दिसेल; दुसरा जवळून, अक्षरं वाचता येतील असा. तारीख आणि ठिकाण फोटोवरच छापणारं जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप फुकट मिळतं, ते वापरा. फोटोत लहान मुलांचे किंवा गिऱ्हाइकांचे चेहरे येऊ देऊ नका. आपल्याला पाटी हवी आहे, माणूस नको.

टेप विकत घ्यायची गरज नाही. लांब उडी आणि गोळाफेक मोजायची लांब टेप पीटीच्या सरांकडे असते, ती मागा. आमच्या सरांनी टेप दिली आणि स्वतःही आले. ही टेप का महत्त्वाची, ते पुढच्या भागात कळेल.

कुठल्या पाटीला कुठला नियम

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण टपरीसमोर उभं राहिल्यावर हाच उपयोगी पडतो.

तंबाखूसाठी सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने कायदा, २००३ आहे. सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात. त्याच्या कलम ५ ने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे. विडीही त्यातच येते. विक्रीच्या जागी तेवढी सवलत आहे: जास्तीत जास्त दोन बोर्ड, प्रत्येक ६० बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही, वरच्या भागात २० बाय १५ सेंटिमीटरची धोक्याची सूचना. बोर्डावर फक्त कुठल्या प्रकारचा माल मिळतो ते लिहायचं; ब्रँडचं नाव, पाकिटाचं चित्र चालत नाही. बोर्डात दिवाही लावायचा नाही. हे एकदा वाचलं की अर्ध्या टपऱ्यांकडे बघायची नजर बदलते.

कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीच करता येत नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर आवाराच्या भिंतीपासून किंवा कुंपणापासून सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने वळसे घेत नाही. आम्ही पहिल्यांदा गेटपासून रस्त्याने मोजलं आणि चार टपऱ्या बाहेर सोडल्या. भिंतीपासून सरळ धरल्यावर चारही आत आल्या. मध्ये घरं असतील तर टेप चालत नाही, तेव्हा मोबाइलच्या नकाशातलं 'अंतर मोजा' वापरा. तंबाखूमुक्त शाळेच्या सूचनांमध्ये या हद्दीवर पिवळी पट्टी आखायचंही सांगितलं आहे. मुख्याध्यापकांना विचारून ती पट्टी तुम्हीच रंगवा. एका रविवारी सकाळी होणारं काम आहे, आणि नंतर वादच राहत नाही.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आहे, पुढे सुगंधी तंबाखू आणि मावाही त्यात आले; दरवर्षी तो आदेश वाढवला जातो. त्यामुळे गुटख्याची पाटी दिसायचा प्रश्नच नको. तरी तोच लफ्फेदार ठसा, तोच रंग, तीच ओळ 'इलायची' म्हणून दिसते. ही आडून केलेली जाहिरात. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण नुसतं नाव सारखं असणं पुरेसं नसतं, म्हणून वहीत बाकीचंही टिपा: चिन्ह सारखं आहे का, रंग आणि मांडणी सारखी आहे का, आणि ती इलायची त्या दुकानात खरंच विकायला आहे का. विचारून बघा. आमच्या वाटेवरच्या दोन टपरीवाल्यांनी तसली इलायची कधी ठेवलीच नव्हती. दोन टपऱ्या, दोन पाट्या, इलायची एकाकडेही नाही.

दारूच्या जाहिरातीवर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली बंदी आहे. सोडा आणि पाण्याच्या बाटल्यांच्या नावाने ती येते, तिलाही वरचंच तत्त्व लावा. ही तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जाते.

खाण्यापिण्याचं वेगळं आहे. शाळेच्या गेटपासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पदार्थांची विद्यार्थ्यांना विक्री किंवा जाहिरात करायची नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पन्नास मीटरच्या पुढे कायदा हात वर करतो. तिथे कोल्ड्रिंकची पाटी बेकायदा आहे असं म्हणू नका, खोटं ठराल. तिथे फक्त समजावणं आणि पर्याय देणं चालतं.

आणि कुठलीही जाहिरात सरकारी भिंतीवर, विजेच्या खांबावर, झाडावर परवानगीशिवाय असेल, तर मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा राज्याचा कायदा लागतो. मोठ्या होर्डिंगला महापालिकेची परवानगी हवी. साताऱ्याच्या एका संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांबद्दल सविस्तर आदेश दिले आहेत. होर्डिंगवर परवाना क्रमांक दिसतो का, एवढं बघा. नसेल तर तेवढीच तक्रार पुरते, मजकुरावर भांडायची वेळही येत नाही.

टपरीवाल्या मामाशी बोलणं

अर्जाच्या आधी दुकानात जा. हे माझं ठाम मत आहे. काही जण थेट तक्रार करा म्हणतात, पण ज्या गल्लीत तुम्हाला रोज राहायचं आहे तिथलं माणूस दुखावून मोहीम टिकत नाही.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी नसते. दोघंच जा. पाच जण गेले की त्याला वर्गणी मागायला आलेत असं वाटतं. आधी नाव सांगा, शाळा सांगा, गल्ली सांगा. आमची पहिली भेट मला शब्दशः आठवते. आमच्यातली मुलगी म्हणाली, "मामा, ही पाटी काढता येईल का?" तो चिडला नाही, उलट हसला. "काढीन की बाळा. मग दुकानाला बोर्ड कोन करून देतंय? कंपनीनं फुकट दिला म्हनून लावला बघ. माझं नाव कोपऱ्यात तेवढं, बाकी सगळं त्यांचंच."

मी वर बघितलं. खरंच, चार फुटांच्या पत्र्यावर 'श्री सिद्धेश्वर पान शॉप' हे नाव खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत होतं. दुकान त्याचं, भाडं तो भरणार, आणि पाटी दुसऱ्याची.

तेव्हापासून आम्ही हात हलवत जात नाही, नवा बोर्ड घेऊन जातो. जुना पत्रा उलटा करायचा, त्याला पांढरा हात द्यायचा आणि गल्लीतल्या पेंटरकडून दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं. फ्लेक्स आल्यापासून हाताने लिहिणाऱ्या पेंटरना काम कमी झालंय. आमच्याकडच्या एकाने पहिले दोन बोर्ड फक्त रंगाच्या पैशात केले. पूर्व भागात असाल तर नाव मराठीबरोबर तेलुगूतही लिहा, विजापूर वेशीकडे उर्दूत, अक्कलकोट रोडला कन्नडमध्ये. मालकाला आपल्या भाषेतलं नाव दुकानावर दिसलं की तो बोर्ड तो पुन्हा कंपनीला देत नाही. खर्चासाठी शाळेचे माजी विद्यार्थी, सोसायटी, एखादा चादरींचा दुकानदार यांना विचारा. एकाने एका बोर्डाचा रंग दिला तरी काम चालू राहतं.

मामा नाही म्हणाला तर वाद घालू नका. "बरं मामा, पुन्हा येतो," म्हणून निघा. दुसऱ्यांदा जा. तिसऱ्यांदा नाही म्हणाला, तर अर्ज करणार आहोत हे त्याला आधी सांगा आणि मगच करा. चहा पाजला तर प्या.

कोल्ड्रिंकच्या दुकानात आम्ही वेगळं करतो. बाटलीवर १०० मिलिलिटरला किती साखर ते छापलेलं असतं, साधारण १०-११ ग्रॅम. ६०० मिलिलिटरच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे बारा ते पंधरा छोटे चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहा सांगते, २५ असेल तर उत्तम. हे आकडे सांगत बसू नका. काचेच्या पेल्यात चमचे मोजून साखर भरा आणि बाटलीशेजारी ठेवा. शाळेच्या पालकसभेत ठेवला तेव्हा एक आजी पेला हातात घेऊन म्हणाल्या, एवढ्यात आमच्या घरचा दोन दिवसांचा चहा होतो.

आई विड्या वळते, तिला काय सांगू

सोलापुरात हा प्रश्न येणारच. आमच्या तिसऱ्या बैठकीनंतर एक मुलगी यायची थांबली. घरी गेले तेव्हा तिची आई दारात मांडीवर सूप घेऊन बसली होती, तेंदूची पानं कापून झाली होती, बोटं बोलता बोलता चालू होती. मुलगी हळूच म्हणाली, "ताई, माझी फी यातून जाते. मी तंबाखूविरुद्ध फलक कसा धरू?"

तिचं बरोबर होतं. आमच्या फलकावर 'तंबाखू विकणारे मुलांचे शत्रू' असं काहीतरी लिहिलं होतं, ते मी त्याच दिवशी पुसलं. या शहरात हजारो बायका हजार विड्यांच्या हिशोबाने घर चालवतात. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांचीच. तुमचं बोट त्यांच्याकडे वळता कामा नये. मोहीम जाहिरातीविरुद्ध आहे, लहान मुलांना गिऱ्हाईक करण्याविरुद्ध आहे. त्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "माझ्या पोरांनी ओढू नये म्हनून तर मी वळते." मुलगी परत आली. आमचे अर्ज आता तीच लिहिते, अक्षर सुंदर आहे.

घोषणा लिहिताना म्हणूनच एक चाळणी लावा: ही ओळ विडी वळणाऱ्या बाईसमोर मोठ्याने वाचता येईल का? नसेल तर बदला. आणि कुणाला व्यसन सोडायचं असेल तर त्याला उपदेश नको, राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा फुकट नंबर द्या: १८००-११-२३५६.

अर्ज असा लिहा

एका अर्जात एकच जागा. आमच्या पहिल्या अर्जात सतरा जागा होत्या; तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मजकूर थोडा असू द्या:

"प्रति, मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका. विषय: शाळेजवळील तंबाखूच्या जाहिरातीबाबत. महोदय, दि. ... रोजी सकाळी ८.३० वाजता आम्ही ... शाळेच्या आवारभिंतीपासून सरळ रेषेत मोजले असता ६४ मीटरवर ... येथे तंबाखूच्या ब्रँडचे नाव व चित्र असलेला फलक आढळला. कोटपा कायदा, २००३ च्या कलम ५ व ६ नुसार कारवाई करून आम्हास लेखी कळवावे, ही विनंती. सोबत: फोटो २, नकाशा १."

खाली नावं, इयत्ता आणि एका मोठ्या माणसाची सही: शिक्षक, पालक किंवा मंडळाचे अध्यक्ष. प्रती तिघांना द्या: महापालिका, आपलं पोलीस ठाणं (कोटपाखाली उपनिरीक्षक आणि वरचे अधिकारी कारवाई करू शकतात) आणि अन्न व औषध प्रशासन. प्रशासनाचा फुकट नंबर १८००-२२२-३६५. आडून केलेल्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. दोषी ठरलेल्या कंपनीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून ही तक्रार दुकानदाराविरुद्ध नाही, कंपनीविरुद्ध करा.

कागद कुणाच्या हातात देऊन येऊ नका. आवक-जावक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. एका कार्यालयात आम्हाला तीनदा सांगितलं, "साहेब नाहीत, ठेवून जा." तिसऱ्यांदा ठेवून आलो आणि तो कागद पुन्हा कुणाला सापडला नाही. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजा.

महिना गेला, काहीच झालं नाही, तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायचं बंधन नाही. 'आवक क्र. ... च्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात' असं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आमच्या एका पाटीचं असं झालं की माहिती अर्ज गेल्यावर आठव्या दिवशी पाटी उतरली आणि उत्तर नंतर आलं.

मंडळाची कमान

सोलापुरात जाहिरात सगळ्यात मोठी होते ती उत्सवात. गणपती, जयंत्या, जानेवारीत होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. कमानीवर बाप्पा मधोमध आणि दोन्ही बाजूंना इलायची. डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लागल्यावर बोलून उपयोग नाही, पैसे घेतलेले असतात. जून-जुलैत, लेझीमचा सराव सुरू व्हायच्या आधी जा. तुमच्यातली लेझीम खेळणारी पोरं पुढे असू द्या. मंडळाचे दादा त्यांचं ऐकतात, आमचं बाहेरच्यांचं नाही.

एकच मागणी ठेवा: यंदा कमानीवर तंबाखू, गुटखा किंवा त्यांच्या नावाची जाहिरात नको. नुसतं मागू नका, दुसरा जाहिरातदार शोधून द्या. चादर-टॉवेलवाले, शेंगा चटणीवाले, कडक भाकरी करणाऱ्या बचतगटाच्या ताई, क्लासेस. या सगळ्यांना एकट्याला कमान परवडत नाही, पण चौघांत मिळून परवडते. आमच्या गल्लीतल्या मंडळाने पहिल्या वर्षी अर्धीच कमान दिली. दुसऱ्या वर्षी पूर्ण. एक मंडळ झालं की त्याचा फोटो घेऊन आपल्या भागातल्या मध्यवर्ती मंडळाकडे जा.

जपून

पाटी स्वतः फाडू नका, शाई फेकू नका, होर्डिंगवर चढू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली. त्या सांगाड्याच्या खाली उभं राहून फोटोही काढू नका. गुटख्याचा साठा दिसला तर त्याचा फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, मोठ्यांना सांगा, ते पोलिसांना सांगतील. कुणी दमदाटी केली तर त्या जागेचं काम त्या दिवसापासून शिक्षकांकडे. घरच्यांची परवानगी पहिल्याच आठवड्यात लेखी घ्या.

पुन्हा मोजा

तीन महिन्यांनी तीच वाट, तीच वही. उतरलेल्या पाटीच्या जागी दुसरी आली का, ते मुद्दाम बघा. कंपनीचा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी फिरत असतो. साखर पेठेच्या वाटेवर एकेचाळीसच्या तेवीस झाल्या आहेत. गेटसमोरच्या टपरीवर आता मामाने ताक आणि लिंबू सरबताचे भाव खडूने लिहिलेत, जुन्या पाटीच्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात. राहिलेल्या तेवीसांपैकी नऊ फ्रीजच्या काचा आहेत, पन्नास मीटरच्या बाहेरच्या. त्यांच्यासाठी साखरेचा पेला घेऊन दुकानोदुकानी जायचं ठरलंय. सातवीतला तो मुलगा आता आठवीत गेलाय. पुढची मोजणी त्याने गड्ड्यानंतरच्या पहिल्या रविवारी ठेवली आहे.